पाऊस वाढला की धडधडतं : पूर, दरड, भूकंप सोसलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा घराघरांत शिरला, तेव्हापासून आम्ही काही समुपदेशक सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागात लोकांशी बोलत आलोय. २०२४ च्या जुलैनंतर सिंहगड रोडच्या एकता नगरीतही जाणं सुरू झालं. आपत्तीनंतरचे पहिले पंधरा दिवस पुण्यात मदतीला तोटा नसतो. खिचडीची पातेली येतात, चादरी येतात, फोटो काढणारेही येतात. लोकांना खरे प्रश्न पडतात ते दुसऱ्या पावसाळ्यात, आणि तेव्हा विचारायला समोर कुणी नसतं. ते उशिराचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द लोकांचेच ठेवलेत, ओळख पटेल असं मात्र काही ठेवलेलं नाही.

दोन वर्षं झाली. तरी रात्री पाऊस वाढला की मी उठून खाली पार्किंगमध्ये बघते. मला वेड लागलंय का?

नाही. ज्या रात्री पाणी आलं त्या रात्री तुमच्या मेंदूने काही खुणा पक्क्या केल्या. पत्र्यावरचा पाऊस, पाण्याच्या पंपाची घरघर, ओल्या गाद्यांचा वास, भोंगा लावून जाणारी गाडी. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. तो कॅलेंडर बघत नाही. त्यामुळे शरीर आधी सावध होतं आणि ‘अगं, हा साधा पाऊस आहे’ हा विचार मागून येतो.

एकदा उठून बघितलं आणि परत झोपलात, तर त्यात काळजीचं काही नाही. खडकवासला धरणाच्या खाली राहणाऱ्या माणसाने बघावंच. पण रात्रीतून दहा वेळा उठणं होतंय, पाऊस नसतानाही होतंय, सकाळी कामावर जायचं बळ उरत नाहीये, तर खालचा ‘आजार कधी म्हणायचं’ हा प्रश्न वाचा.

घरचे म्हणतात, ‘किती दिवस धरून बसणार?’ खरंच, किती दिवस लागतात?

बहुतेकांचा सुरुवातीचा त्रास, म्हणजे झोप न लागणं, दचकणं, सारखं तेच डोळ्यांपुढे येणं, काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप कमी होत जातो. त्यासाठी उपचार लागतातच असं नाही. काहींचा कमी होत नाही. आणि काहींना तो सहा महिने उलटून गेल्यावर सुरू होतो, हे घरच्यांना पटवणं फार अवघड जातं. ‘तेव्हा तर एकदम खंबीर होता, आता काय झालं?’ तेव्हा चिखल उपसायचा होता, पंचनामा करून घ्यायचा होता, मुलांची दप्तरं आणायची होती. हातातलं काम संपलं आणि मग कोसळायला सवड मिळाली.

पुणेकराला हे खरं तर समजावून सांगावं लागू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण कसंबसं तोलून धरलं, म्हणून पाणी रात्री न येता दिवसा आलं आणि हजारो जीव वाचले. माझी आजी तेव्हा शनिवार पेठेत राहायची. पुढे तिने जन्मभर कपाटाचा खालचा कप्पा रिकामा ठेवला. रेशनकार्ड, दागिने, लग्नातला शालू, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंक माळ्यावर. आम्ही हसायचो. आता वाटतं की आजीचं अगदी चांगलं चाललं होतं: घर सांभाळलं, मुलं शिकवली, भिशी चालवली, आणि एक कप्पा रिकामा ठेवला. सावरलेलं माणूस असंही दिसू शकतं.

आजार कधी म्हणायचं?

नुसत्या आठवणी येतात म्हणून नाही. पण महिना उलटून गेल्यावरही पुढच्या गोष्टी एकत्र दिसत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं: प्रसंग नुसता आठवत नाही, तो आत्ता पुन्हा घडतोय असं वाटतं किंवा स्वप्नात येतो, त्याची आठवण करून देणारी जागा, माणसं, बोलणं टाळण्यासाठी आयुष्याचीच वाट बदलली जाते (नदीवरचा पूल नको म्हणून चांगली नोकरी सोडलेला एक जण आम्हाला भेटला होता), आणि सतत कुणीतरी अंगावर येणार असल्यासारखं ताणलेलं असणं, बारीक आवाजाने दचकणं, चटकन भडकणं. याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. डॉक्टर ‘पीटीएसडी’ म्हणतील.

पुरानंतर भेटणारा एवढा एकच आजार नाही, आणि आमच्याकडे तर तो सर्वांत जास्त दिसणाराही नाही. उदासीनता जास्त दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नसणं, भूक-झोप बिघडणं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं वाटत राहणं. तिच्या जोडीला पुष्कळदा दारू असते.

जवळचं माणूस गेलं असेल तर दुःखाला मुदत लावू नये. तरी वर्ष उलटून गेल्यावरही पहिल्या आठवड्याइतकंच तीव्र सगळं असेल, जगण्याला हातच लागत नसेल, तर त्यालाही आता वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत. विचारायला लाजू नका.

आमचं कुणी गेलं नाही. फक्त सामान गेलं. मग एवढा त्रास का होतो?

‘फक्त सामान’ हे शब्द आम्ही इतक्यांदा ऐकलेत की आता कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, काय काय गेलं ते सांगा. मग यादी सुरू होते. फ्रीज, गादी, शिलाई मशीन, आणि चौथ्या-पाचव्या वस्तूला आवाज बदलतो. आईचा एकुलता एक फोटो. मुलीची दहावीची गुणपत्रिका. वडिलांच्या अक्षरातली वही.

आणि खरं सांगायचं तर लोकांना पाण्याने जेवढं मोडलं, त्याहून जास्त त्यानंतरच्या धावपळीने मोडलेलं आम्ही बघतो. पंचनाम्यात नाव नाही, कारण भाडेकरार नाही. यादीत नाव आहे पण खात्याचा क्रमांक चुकलाय. विम्यात ‘पूर’ होता की नाही हे आत्ता कळतंय. बुडालेल्या गाडीचा हप्ता चालूच आहे. जगभरचा अभ्यास हेच सांगतो: आपत्तीनंतर माणूस किती सावरेल हे त्या एका दिवसावर ठरतंच, पण पुढच्या महिन्यांतली पैशाची, घराची, कागदांची ओढाताण आणि पाठीशी कुणी आहे की नाही, यावरही तितकंच ठरतं. पानशेतच्या पूरग्रस्त वसाहतींमध्ये घरांच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे कित्येक दशकं रेंगाळला. ज्यांच्या नावाने ती घरं मिळाली, ते पुष्कळसे तोवर गेलेही होते.

म्हणून आमच्याकडे समुपदेशनाला बसलेल्या माणसाला आम्ही कधी कधी आधी अर्ज लिहून देतो. ते आमचं काम नाही असं एका वरिष्ठांनी सुनावलं होतं. आम्ही अजून लिहितो.

सगळं एकदा बोलून टाकलं की मोकळं होतं ना? आमच्या सोसायटीत सर्वांना एकत्र बसवून ‘शेअरिंग’ घ्यायचं होतं.

हे चांगल्या हेतूने होतं, पण जपून. घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून ‘काय झालं ते सविस्तर सांगा’ असं करणारी एकच बैठक पूर्वी जगभर घेतली जायची. पुढच्या अभ्यासांत दिसलं की तिने पुढचा आजार टळत नाही आणि काहींना उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनाही आता तसं करू नका म्हणते. तिच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचा गाभा अगदी साधा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय हवंय ते बघा, तो बोलेल तेवढं ऐका, आणि डॉक्टर, नातेवाईक, सरकारी कार्यालय, जिथे त्याचं काम होईल तिथे त्याला पोचवा.

म्हणजे बोलू द्यावं, बोलवून घेऊ नये. सोसायटीत एकत्र बसायचंच असेल तर चहा ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात गाड्या कुठे लावायच्या, खालच्या मजल्यावरच्या आजींना कोण वर नेणार, यावर बोला. मनातलं असेल ते मध्येच कुठेतरी निघतं.

बाबा एक शब्द बोलत नाहीत. दिवसभर दुकानात असतात. त्यांना काहीच झालं नाही असं समजायचं का?

कामात बुडणं हीही एक रीत आहे, आणि वाईट नाही. घरात बसवून ‘बोला ना बाबा’ करण्यापेक्षा त्यांच्यासोबत शटर उघडायला जा. मात्र तीन गोष्टींवर डोळा ठेवा: पिणं वाढलंय का, पूर्वी नव्हता तसा हात उगारला जातोय का, आणि देणी किती आहेत हे ते लपवताहेत का. तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. कर्जाचा आकडा घरात सर्वांसमोर एकदा मांडला गेला की पुष्कळ बाबा त्या रात्री झोपतात.

आईची छाती धडधडते, डोकं दुखतं, हातापायांना मुंग्या येतात. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ‘काही नाही, टेन्शन आहे.’

तपासण्या केल्यात हे बरोबरच केलंत, त्या टाळू नयेत. पण ‘काही नाही’ हे उत्तर चूक आहे. आपल्याकडे, विशेषतः साठीच्या पुढच्या बायका, ‘मन उदास आहे’ असं म्हणत नाहीत; ‘जिवाला कसंतरी होतं’ म्हणतात. दुखणं खरंच असतं. आईला ‘हे मानसिक आहे’ असं सांगू नका, तिला ते ‘नाटक आहे’ असं ऐकू येतं. ‘त्या रात्रीचा धसका अंगात बसलाय, त्याचेही डॉक्टर असतात’ म्हणा. धसका हा शब्द सर्वांना कळतो.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता शाळेत जाते, पण पाऊस आला की अंथरूण ओलं करते आणि खेळ सारखा एकच: बाहुलीला कपाटावर चढवते.

लहान मुलं बोलून नाही, खेळून सांगतात. बाहुली वाचतेय तोवर खेळू द्या. दर वेळी बाहुली बुडतच असेल आणि मुलगी खेळता खेळता गोठल्यासारखी होत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अंथरुणावरून रागावू नका. काय झालं होतं हे तिने विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात, आणि शेवट नक्की सांगा: ‘मग आपण वर मावशीकडे गेलो आणि सगळे एकत्र होतो.’ मोठ्या मुलांमध्ये हेच चिडचिड, अभ्यासातून लक्ष उडणं, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसणं असं दिसतं.

मुलांना सर्वांत लवकर सावरतो तो रोजचा क्रम. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली सुमारे १,२०० मुलं भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात आणली; वाघोलीचं त्यांचं केंद्र पुण्यात अनेकांना माहीत आहे. घरापासून इतक्या लांब आणलेल्या मुलांबद्दल तज्ज्ञांची मतं वेगवेगळी असू शकतात. पण शाळेची घंटा, ठरलेलं जेवण, संध्याकाळचा खेळ आणि शेजारच्या अंथरुणावर तेच सोसलेलं दुसरं मूल, यांची किंमत मी कमी धरणार नाही.

माझं सगळं गाव दरडीखाली गेलं. मी पुण्यात नोकरीला होतो म्हणून वाचलो. मला जगण्याचा काय अधिकार, असं वाटतं.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. सकाळी नेहमीची एसटी गेली तेव्हा चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, आणि बाहेरच्या जगाला तेव्हा कळलं. पुढे महाडजवळ तळिये, मग खालापूरजवळ इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी कामाला, शिकायला, बाजाराला बाहेर असलेले काही जण उरले, आणि त्यांच्या वाट्याला हा प्रश्न आला.

याला तर्काने उत्तर देता येत नाही. ‘तू असतास तर तूही गेला असतास’ हे खरं असलं तरी ऐकणाऱ्याला पोचत नाही, कारण त्याच्या मनात कुठेतरी तेच हवं असतं. त्यांच्यासोबत बसणाऱ्याने एवढंच करावं: गेलेल्यांबद्दल विचारावं. त्यांच्या मरणाबद्दल नको, जगण्याबद्दल. चुलत्याची बैलं कोणती होती, भातलावणीला कोण गायचं. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांच्या घरच्यांचं दुःख जास्त रेंगाळतं, कारण मनाला शेवटचं दर्शन लागतं. दहावं-तेरावं, दगडावर कोरलेली नावं, गावाने मिळून केलेली पंगत, हे सगळं त्यासाठी उपयोगी पडतं. तुमची श्रद्धा असो वा नसो.

हा अपराधीपणा जर ‘मी पण जायला हवं’ इथवर येत असेल, तर थांबू नका. १४४१६ ला फोन करा. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून. आणि त्या रात्री त्या माणसाला एकटं ठेवू नका.

दर वर्षी ती तारीख आली की आठवडाभर आधीपासून बिघडतं. हे कायमचं का?

बऱ्याच जणांचं राहतं, पण धार कमी होत जाते. आपल्याकडे यात एक भानगड आहे जी बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही: आपल्याला वर्षातून दोनदा वर्षदिन येतो, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या आधी काही मिनिटं झाला, गावं गणपती विसर्जन करून झोपली होती. तिकडून येऊन हडपसर-वाघोलीत स्थायिक झालेल्या काहींना तारीख आठवत नाही, पण विसर्जनाच्या रात्री ढोल थांबले की पोटात गोळा येतो. पुण्यात ढोल टाळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको!

तेव्हा आधी दोन्ही दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी महत्त्वाचं काम, प्रवास, भांडणाचे विषय नकोत. कुणाजवळ असायचं ते आधी ठरवा. ‘मला का होतंय हे कळत नाही’ यापेक्षा ‘तो आठवडा आलाय’ हे सोसायला सोपं असतं.

गोळ्या घ्याव्या लागतील का? एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत म्हणे.

यात दोन प्रकारच्या गोळ्यांची गल्लत होते. झोपेच्या किंवा ‘शांत करणाऱ्या’ गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, लगेच गुण देतात आणि त्यांचीच सवय लागते. आघातानंतर त्या महिनोन्महिने चालू ठेवणं योग्य नाही. शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तर मुळीच आणू नका. आणि आधीच बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

उदासीनतेवरची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यांचं व्यसन लागत नाही, पण बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागतात आणि बंद करताना हळूहळू करावी लागतात. ‘सुटत नाहीत’ ही समजूत बहुधा मध्येच स्वतःहून बंद करणाऱ्यांमुळे पसरली असावी.

आघातोत्तर ताणविकारावर मात्र पहिली पसंती बोलण्याच्या उपचारांना असते, गोळ्यांना नाही. आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचारपद्धतीत साधारण आठ ते बारा भेटी होतात. त्यात तज्ज्ञ तुम्हाला सुरक्षित खोलीत, तुमच्या वेगाने, टाळलेल्या आठवणीकडे परत नेतात. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो आणि निम्मी माणसं इथेच येणं बंद करतील अशी भीती आम्हाला असते. तुम्ही येत राहा.

पुण्यात कुठे जायचं? परवडेल का?

ससून रुग्णालयात मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाला घाबरू नका, तपासायला गेलेल्या माणसाला कुणी आत ठेवून घेत नाही. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल विचारा. औषध देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. हा फरक माहीत असला की एक फेरी वाचते.

विम्याबद्दल: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. बहुतेक पॉलिसींमध्ये प्रत्यक्षात मिळतो तो दाखल होण्याचा खर्च, भेटीची फी नाही.

आम्हाला मदत करायची आहे. काय आणू?

जुने कपडे नकोत. पुढच्या वर्षी या. एक कुटुंब धरा, महिन्यातून एकदा जा, फॉर्म भरायला बसा.

आणि ज्यांच्यावर आपत्ती आलीय त्यांना नुसतं घेणारं करून ठेवू नका. किल्लारीनंतर घरं दुरुस्त करण्याच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, झाल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांचं घर पडलं होतं त्या दुसऱ्यांना घर कसं उभं करायचं ते सांगत होत्या. यापेक्षा चांगला उपचार माझ्या तरी माहितीत नाही.

दर जूनला आम्ही काय करावं?

एक पिशवी दाराशी: कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये, आठ दिवसांची औषधं, टॉर्च, चार्जर. मूळ कागद वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे. घर कधी सोडायचं हे आधीच ठरवा, म्हणजे ‘अमुक पायरीला पाणी लागलं की निघायचं’, आणि त्या रात्री त्यावर चर्चा नाही. धरणातून किती पाणी सोडलंय, म्हणजे विसर्गाचे आकडे, बघायचं काम घरातल्या एकाने करावं. चौघांनी चार ग्रुपवर बघत बसलं की अफवा चौपट होतात आणि कुणीच झोपत नाही.

हे घर विकून टाकावं का?

आकडा आणि भीती वेगवेगळी बघा. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. तुमची इमारत कुठे बसते ते नकाशात बघा. निळीच्या आत असाल तर तुमची भीती हा आजार नाही, ती माहिती आहे.

घर बदलल्याने भीती जाईलच असं नाही. पानशेतच्या पुरानंतर अनेक पूरग्रस्तांना सहकारनगर भागात वसवलं गेलं, नदीपासून दूर. अठ्ठावन्न वर्षांनी त्याच भागातून आंबिल ओढ्याचा पूर गेला.

पहिल्या सहा महिन्यांत, जमत असेल तर, काही विकू नका. नंतर विकावंसं वाटलं तर त्यात पळपुटेपणा नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने वर्षभर भांडून शेवटी तळमजला विकला आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. शेजार तोच, वाणी तोच. काका अजूनही रात्री उठून खाली बघतात. काकू म्हणतात, बघू दे, आता बघून परत झोपतात तरी.